फुग्यात न मावलेले पंचेचाळीस शब्द

जाहीर प्रकटन. सर्व संबंधितांस, असंबंधितांस, तसेच कशाशीही संबंध नसताना पारावर बसून मत देणाऱ्या मंडळींस कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय वर्षे चोपन्न, राहणार सोनई, तालुका नेवासा, याने पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय एका अख्ख्या मराठी चित्रपटावर दोन तास अकरा मिनिटे तोंड चालवले असून, सदर बडबड आता त्या चित्रपटाला कायमची चिकटली आहे. त्या बडबडीत काही ठिकाणी भलत्याच माणसाचा आवाज ऐकू येतो. तो कोणाचा आणि तो काढून का टाकलेला नाही, याच्या खुलाशासाठी हा लेख. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत समक्ष घरी यावे. चहा मिळेल.

मी चित्रकथा काढतो. जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पाऊण पान, गेली बावीस वर्षं. माझ्या नायकाचं नाव दगडू पाणाड्या. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रानातून फिरणारा, आणि नारळ उभा राहिला की 'इथं पाणी हाय, खांदा', म्हणजे खणा, असं सांगणारा माणूस. दगडू पारनेरच्या कोरड्या माळावरचा. त्याची अडचण एकच. त्याला पाणी कधी सापडत नाही; बाकी सगळं सापडतं. हरवलेली शेळी, चोरीला गेलेली मोटर, रुसून पळालेला जावई. एकदा तर सरपंचांची खोटी दाढ सापडली, आणि त्या दाढेवर मी चार रविवार काढले.

एकदा एक खराखुरा पाणाड्या माझ्या दारात उभा राहिला. पांढरं धोतर, हातात नारळ. म्हणाला, "तुमीच का ते? आमच्या धंद्याची पार माती केली की राव तुमी. पोरं मला बगून हसत्यात." मी हात जोडले, पाणी दिलं, पाण्यावरून पुन्हा विषय निघाला. शेवटी तो रागारागाने माझ्या परसात फिरला, एका जागी टाच मारली आणि निघून गेला. पुढे घेतलाच बोअर करून तिथे. अजून चालू आहे. त्यामुळे या विषयावर मी जाहीर बोलत नाही.

आता धंद्याची थोडी माहिती. चित्रकथेत पात्राच्या तोंडाजवळ जो गोल काढतात आणि ज्यात संवाद लिहितात, त्याला आम्ही फुगा म्हणतो. लोकांना वाटतं, चित्र काढणं अवघड आणि फुगा सोपा. उलट आहे. चित्र काढताना माणूस स्वतःच्या प्रेमात पडतो. मी तर फार पडतो. मी आभाळ काढायचो, माळ काढायचो, बाभळीचा एकेक काटा काढायचो आणि मग उरलेल्या कोपऱ्यात फुगा कोंबायचो. संवाद मात्र नाटकातल्यासारखे पल्लेदार लिहायचो. शाळेत असताना गॅदरिंगला तीन वेळा राजा झालो होतो, त्याचा तो परिणाम.

फुग्यातली अक्षरं मी काढत नसे. माझं अक्षर बघून पुरवणीच्या संपादकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की हे मराठीत आहे का. म्हणून मी भानूतात्यांकडे गेलो. भानूतात्या म्हणजे सोनईतले बोर्ड रंगवणारे पेंटर. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. शिंगणापूरच्या रस्त्यावरच्या निम्म्या रसवंत्यांची, पंक्चरच्या दुकानांची आणि साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांची अक्षरं त्यांच्या हातची. घर मात्र शनीच्या शिंगणापुरात, म्हणजे घराला दार नाहीच. मी दर गुरुवारी दुपारी पानं घेऊन जायचो आणि तात्या शेतात गेलेले असले तरी सरळ आत जाऊन खाटेवर ठेवून यायचो. सोबत वेगळ्या कागदावर संवाद. तात्या ती अक्षरं भरायचे आणि शुक्रवारी सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचे. कंडक्टर नगरला पुरवणीच्या माणसाकडे सोपवायचा. मी छापलेलं पान थेट रविवारी बघायचो.

तात्यांची एकच तक्रार असायची. पान हातात घेऊन, डोळे बारीक करून, ब्रशच्या दांड्याने डोकं खाजवत म्हणायचे, "फुग्यात बसत न्हाई, बापू." मी म्हणायचो, "बसवा कसंतरी." ते बसवायचे.

कसं बसवायचे, हे मला पहिल्या वर्षाच्या एका रविवारी कळलं.

गोष्ट अशी होती. दगडूच्या सांगण्यावरून गावाने एका म्हातारीच्या, आक्काच्या, रानात विहीर खणायला घेतली. साठ फूट गेले तरी ओल नाही. एकेक माणूस घरी गेला. खाली एकटा दगडू उरला, पहार घेऊन. आणि वर काठावर आक्का येऊन उभी राहिली. मी ते चित्र जीव ओतून काढलं होतं. अर्ध्या पानाची एकच विहीर, वर नखाएवढं आभाळ, तळाशी तिळाएवढा दगडू. त्याच्या तोंडी मी भाषण लिहिलं होतं. पंचेचाळीस शब्दांचं. "आक्का, या अपराध्याला क्षमा नाही. परंतु धरणीमातेला साक्ष ठेवून सांगतो," इथून सुरुवात होती. काळजाला हात घालणारं होतं. आक्काचं उत्तर त्याहून लांब.

रविवारी पेपर उघडला. फुग्यात लिहिलं होतं: "आक्का, आजून खांदू का?"

बस्स. आणि आक्काचा फुगा तर गायबच. तिथे पांढरा रंग मारलेला. पुढच्या चित्रात आक्का दोरीने टोपली खाली सोडते आहे. भाकरी मीच काढली होती, पण माझ्या मते ती आपली भाषणाच्या सोबतीला होती.

मी सायकल काढली आणि तसाच गेलो. तात्या शिडीवर उभे राहून एका रसवंतीचा 'र' रंगवत होते.

"तात्या, माझे पंचेचाळीस शब्द कुठं गेले?"

"फुगा केवढा काढला होतास?" खाली न बघता तात्या म्हणाले.

"केवढा म्हणजे?"

"लिंबाएवढा. त्यात पंचेचाळीस शबुद घालू? मुंग्या काढू का मुंग्या?"

"मग विचारायचं ना मला!"

"गाडी सुटत हुती."

"आणि आक्काचं उत्तर?"

"ती भाकरी सोडतीय की. आनखी काय बोलायचं ऱ्हातंय तिला?"

माझा राग थोडा अडखळला. मी विचारलं, "पण तुम्हाला हे सुचलं कसं?"

तेव्हा कुठे तात्यांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं. "त्यात सुचायचं काय? गडी खड्ड्यात हाय. वर म्हातारी हाय. दुसरं काय इचारनार तो?"

आणि पुन्हा 'र' रंगवायला लागले.

त्या आठवड्यात पुरवणीकडे पत्रांचा गठ्ठा आला. मग ते वाक्य पेपरातून उठलं आणि जिल्हाभर चालायला लागलं. जेसीबीच्या पाठीवर आलं, ट्रॉलीच्या फळीवर आलं. मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून आलं. निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराने दुसऱ्या वेळी त्याच वाक्याचा फलक लावला आणि पुन्हा पडला. ऊसतोडीला पाथर्डीकडून आलेल्या एका बाईने मला फडावर सांगितलं, "आमी कोयता टाकायच्या येळेला रोज म्हंतो, आक्का, आजून खांदू का. मंग हसू येतं, अन् आनखी एक मोळी व्हते."

मला लोक विचारायचे, हे सुचलं कसं हो तुम्हाला?

पहिल्यांदा एका शाळेच्या स्नेहसंमेलनात विचारलं. समोर चारशे पोरं, गळ्यात हार, हातात माईक. आता माईक हातात असताना मी खरं बोलू शकत नाही, ही माझी प्रकृती आहे. मी म्हणालो, "पारनेरच्या माळावर एका अर्धवट विहिरीच्या काठावर मी बसलो होतो..." पुढचं आपोआप आलं. मावळता सूर्य आला, खालून पहारीचा आवाज आला, आणि त्या अंधारातून एका थकलेल्या माणसाने वर बघून विचारलं. तात्या पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी तो किस्सा बावीस वर्षं सांगितला. दर वेळी थोडा रंग चढवत. तात्या बहुतेक वेळा समोर असायचे आणि दर वेळी टाळ्या वाजवायचे. परतताना मी गाडीत विषय काढायचा असं ठरवायचो, आणि तात्या म्हणायचे, "भजी चांगली हुती न्हाई का तिथली?" मग भज्यांवर बोलायचो.

चार वर्षांपूर्वी साखरेने तात्यांची नजर गेली. आता त्यांना उजेड कुठून येतो तेवढं कळतं. माझी अक्षरं आता कॉम्प्युटर भरतो. फार गुणी आहे. कधीही 'बसत नाही' म्हणत नाही. जास्त मजकूर दिला की तो मुकाट अक्षर बारीक करतो. माझे पंचेचाळीसच्या पंचेचाळीस शब्द आता छापून येतात, आणि या चार वर्षांतलं एकही वाक्य कोणी ट्रॉलीवर लिहिलेलं नाही.

तर अशा वेळी दगडूवर चित्रपट आला. नाव अर्थातच तेच वाक्य. माझं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरात. दगडूचं काम करणाऱ्या नटाचे दंड एवढे होते की नारळ तळहातापेक्षा तिथेच ठेवावा. दुष्काळी गाव म्हणून जे दाखवलंय, त्याच्यामागे एक धबधबा दिसतो. तो धबधबा पारनेरात असता तर दगडू वेळेत लग्न करून सुखाने संसाराला लागला असता. पण लोकांनी गर्दी केली, शिट्ट्या मारल्या. तात्यांना मी नगरला थिएटरात घेऊन गेलो होतो. ते सगळं ऐकत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आवाज लई मोठ्ठा हुता. दिसलं काय न्हाई." आणि हसले. मी नाही हसलो.

काही महिन्यांनी कंपनीचा फोन आला. चित्रपट आता मोबाईलवर दिसणार होता आणि त्याला त्यांना एक जादा आवाज जोडायचा होता. म्हणजे चित्रपट चालू राहतो, पात्रांचे संवाद बारीक होतात आणि कथाकार वरून बोलत राहतो: हे दृश्य कसं सुचलं, ते पात्र कुठून आलं. बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पिक्चर चालू असताना मधे मधे बोलायचं? त्यासाठी बोलावलंय? घरी तर तुम्ही बिनबोलावता करता."

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी काय चाललंय ते तू सांगत बसनार?"

"तसंच काहीसं."

"मंग मला ने. आवंदा तरी पिच्चर दिसंल."

रेकॉर्डिंग नगरमध्ये सलीमभाईंच्या स्टुडिओत होतं. सलीमभाई म्हणजे माझ्याच वयाचा, पान खाऊन कमी शब्दांत बोलणारा माणूस. लग्नाचा बँड, भजनी मंडळं आणि निवडणुकीच्या रिक्षा, तिन्ही एकाच खोलीत ध्वनिमुद्रित करतो. त्याने आम्हा दोघांना कानावर चढवायचे हेडफोन दिले, दोघांसमोर एकच माईक ठेवला आणि तात्यांना सांगितलं, "चाचा, तुम्ही फक्त ऐकायचं." कंपनीच्या तीन सूचना होत्या: चांगलं बोला, दिग्दर्शकाचं कौतुक करा, गप्प बसू नका. तिसरी सूचना मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी दिली होती.

सुरुवात झाली. मी एक डोळा तात्यांकडे ठेवून बोलत होतो. विद्वान काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, पण तात्या मान वर करून पडद्याच्या उजेडाकडे तोंड करून बसलेले बघितले आणि मी आपलं जे दिसतंय ते सांगायला लागलो. "आता दगडू नारळ घेऊन माळावर निघालाय. ऊन आहे. लांब एक बाभळ आहे."

तात्या कुजबुजले, "पायात काय हाय?"

"बूट."

"पानाड्या अन् बुटात? मंग त्याला पानी कळंल कसं?"

सलीमभाईने काचेपलीकडून हात हलवला, पण थांबवलं नाही. हे सगळं त्या बडबडीत आहे. ऐकणाऱ्यांना पडद्यावर दिसतच असतं, त्यांना वाटेल हा माणूस वेडा आहे का. असू दे.

आणि मग विहिरीचं दृश्य आलं.

आता इथे या कामातली एक गोम सांगतो. चित्रपट तुमच्यासाठी थांबत नाही. दृश्य एका मिनिटाचं असेल तर बोलणंही एका मिनिटाचं. मनात मी दोन दिवस ठरवून आलो होतो की इथे खरं सांगायचं. हे शब्द माझे नाहीत, एवढंच. नट तळाशी उभा राहिला, वर बघून ते वाक्य बोलला. माझ्यासमोर माईक होता. आणि माझ्या तोंडून आलं, "पारनेरच्या माळावर एका अर्धवट विहिरीच्या काठावर मी बसलो होतो..."

बावीस वर्षांची सवय. मला माझाच आवाज ऐकू येत होता. सूर्य मावळला. पहार वाजली. काठावर एक बगळा बसला होता, तो उडाला. मी थांबू शकलो नाही. किस्सा संपला तेव्हा पडद्यावर पुढचं गाणं चालू होतं.

सलीमभाईने चहासाठी काम थांबवलं. आत आला, म्हणाला, "क्या बात है. अंगावर काटा आला."

तात्या बशीत चहा ओतत होते. बोटाने बशीची कड चाचपून, न सांडता. म्हणाले, "किस्सा चांगलाच हाय. पर आधी बगळा नव्हता. बगळा आवंदा आला."



तात्यांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली. मग जरा संकोचून, कोणाचा वेळ घेतोय असं वाटून विचारावं तसं विचारलं, "बापू, टोपली सोडली का रं आक्कानं?"

"काय?"

"पिच्चरमदी. टोपली दावलीय का? का तिला भाषन दिलंय? तू तवा बगळ्याचं सांगत हुतास, मला काय कळलं न्हाई."

खोटं बोलल्याचं मला इतकं लागलं नव्हतं, जेवढं हे लागलं. ज्या माणसाने पांढरा रंग मारून आक्काला गप्प केलं होतं, तो बावीस वर्षांनी फक्त तेवढंच बघायला आला होता. आणि तेवढ्या वेळात मी बगळा उडवत होतो.

मी सलीमभाईला म्हणालो, "विहिरीपासून पुन्हा घ्यायचं."

"अरे, पण मस्त झालंय ते."

"पुन्हा घ्यायचं."

त्याने माझ्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि मागे फिरवलं.

या वेळी नट वाक्य बोलला आणि मी गप्प बसलो. कंपनीची तिसरी सूचना मोडली. ते वाक्य पूर्ण ऐकू येऊ दिलं. मग म्हणालो, "तात्या, आक्का काठावर आलीय. काही बोलत नाही. हातात टोपली आहे. दोरी सोडतेय. टोपली खाली येतेय... अजून येतेय... दगडूने हात वर केलेत."

"झाकलीय का भाकर?"

"झाकलीय. लाल फडक्याने."

"हां," तात्या म्हणाले.

मग मी माईककडे तोंड केलं. गाणं सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. कंपनीने नंतर कळवलं की त्या जागी येणारा दुसरा आवाज काढून टाका, कोण आहे ते प्रेक्षकांना कळत नाही. सलीमभाईने त्यांना सांगितलं की तो माझ्या आवाजाला चिकटलाय, सुटा होत नाही. आम्ही एकामागून एक बोललो होतो; सुटा होत होता, हे मला पक्कं माहीत आहे. तर मी म्हणालो:

"हे वाक्य माझं नाही. माझ्या शेजारी बसलेत त्या भानूतात्यांचं आहे. मी पंचेचाळीस शब्द लिहिले होते आणि आता मला त्यातले सुरुवातीचेच आठवतात, एवढे ते चांगले होते. तात्यांनी ते सगळे खोडले, आक्काचं उत्तरही खोडलं, आणि जे खरोखर तो माणूस बोलला असता तेवढंच ठेवलं. विहिरीच्या काठावर मी कधीही बसलो नव्हतो. सूर्य नव्हता, पहार नव्हती, बगळा तर या वर्षीचा आहे. मी बावीस वर्षं दुसऱ्याच्या वाक्यावर हार घालून घेतले आणि तात्या समोर बसून टाळ्या वाजवत राहिले. का वाजवत राहिले ते मला कळत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण ते खरं सांगतील अशी मला भीती होती. ज्या ज्या ठिकाणी मी हे खोटं बोललो, त्या प्रत्येक शाळेची, प्रत्येक गावाची, आणि सगळ्यांत आधी..."

माझा आवाज नाटकी व्हायला लागला होता. मला ते कळत होतं, पण आवरत नव्हतं. पडद्यावर गाणं कधीच सुरू झालं होतं, नट डोंगरावर नाचत होता, आणि शेजारून, ब्रशचा दांडा नसल्यामुळे नुसत्या बोटाने डोकं खाजवत, तात्या मोठ्याने म्हणाले:

"लई लांबलं, बापू. फुग्यात बसत न्हाई."